गल्लीला दिवंगत फायरमनचे नाव देण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या अग्निशमन केंद्रातील एक फायरमन गेल्या पावसाळ्यात विहिरीत अडकलेल्या दोन मजुरांना वर काढताना मृत्युमुखी पडले. ते राहत होते त्या गल्लीला अधिकृत नाव नाही. टपालावरही 'टाकीमागची गल्ली' असेच लिहिले जाते. तिला त्यांचे नाव मिळावे, अशी आम्हा रहिवाशांची मनापासून इच्छा आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात प्राण गमावलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर सप्ताह पाळला जातो, शहीद तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर उभा आहे; लहान गावातील जवानाची आठवण मात्र श्रद्धांजलीचा फलक उतरला की संपते, हे मला फार लागते.

आम्ही सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा 'सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल' एवढेच तोंडी उत्तर मिळाले. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधील कोणत्या तरतुदीचा आधार अर्जात द्यावा, ठरावाचा मसुदा कसा असावा आणि हरकती मागवाव्या लागतात का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. मंजूर ठरावाची प्रत कोणाकडे असल्यास तिचा मोठा उपयोग होईल.

त्यांच्या पत्नीने लेखी संमती दिली आहे. फलकावर नावाआधी 'फायरमन' हा हुद्दा असावा, एवढीच त्यांची विनंती आहे. नामफलकावर हुद्दा लिहिता येतो का, हेही कळवावे.