क्वाड म्हणजे 'आशियाई नाटो'? कुणी सांगितलं?

रामबागकर: काल 'जुनी इंदूरकर' यांनी लिहिलं, "वाहिन्या फक्त आरसा धरतात, क्वाड म्हणजे आशियाई नाटोच." वाचून पोहे घशाखाली उतरेनात. नाटो म्हणजे अमेरिका-युरोपातल्या देशांची लष्करी युती. तिच्या कराराच्या कलम 5 मध्ये एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, असं लिहून दिलंय. क्वाडचा असा करारच नाही! भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया भेटतात, निवेदन काढतात, आपापल्या घरी जातात. पण पडद्यावर चार झेंडे, मागे युद्धनौका, वर ढणढण संगीत. आमचे तीर्थरूप, उद्या लढाई झाली तर जपान येणार, असं धरूनच चाललेत.

जुनी इंदूरकर: आणि 1971 विसरलात? ऑगस्टात रशियाशी मैत्रीचा करार झाला. त्यातही 'लढायला येऊ' नव्हतंच. हल्ला झाला तर सल्लामसलत करून पावलं उचलू, एवढंच. तरी आमचा अख्खा वाडा 'रशिया आहे ना' म्हणून निर्धास्त. तेव्हा कुठे होत्या तुमच्या वाहिन्या?

शाईची बाटली: रशियाचं 'सोव्हिएत लँड' नियतकालिक होतं की! वह्यांना त्याचीच कव्हरं. माझ्या भूगोलावर ट्रॅक्टरवर बसून हसणारी बाई. कागद इतका गुळगुळीत, शाई फिसकटायची. नावाची चिठ्ठी खळीनं डकवावी लागे.

सराफ्यातला भिया: काहीही! आमच्याकडे खाकी कागदच चालायचा. चित्राचं कव्हर दिसलं की मास्तर टराटरा फाडायचे. माझं फाडलंय, वर्गासमोर.

शाईची बाटली: म्हणजे मास्तर अमेरिकेचे!

सराफ्यातला भिया: मास्तरांवर जायचं काम नाही. वडील गेले त्या वर्षी माझी फी त्यांनीच भरली होती.

रामबागकर: अहो, कव्हरं पुरे! विषय काय, चाललंय काय?

शाईची बाटली: हाच विषय आहे. आतला मजकूर आमच्या घरात कुणी वाचला नाही. 1962 ला चीनविरुद्ध अमेरिकेनं शस्त्रं पाठवली, हे मला पस्तिशीत कळलं. रशिया आपला, हे मात्र दुसरीपासून पाठ. त्या बाईमुळे.

जुनी इंदूरकर: मी तेच म्हणत होते.

रामबागकर: उलट म्हणत होतात, मावशी! आरसा असता तर ट्रॅक्टरऐवजी कलमं दिसली असती.

जुनी इंदूरकर: बरं बाबा, आरसा नाही, कव्हर. झालं समाधान? आणि नाटो मी नाही, तो निवेदक म्हणाला. जपान येणार नाही हे वडिलांना सांगा, पण जरा बेतानं.

सराफ्यातला भिया: मास्तरांची माफी राहिली.