मदत हवी आहे: पीएच पॉझिटिव्ह ल्युकेमिया, फ्लो निगेटिव्ह पण पीसीआर पॉझिटिव्ह. औषध बदलायचं का?

गोदाकाठ (नाशिक):
भाचा, वय ७, उंची १२० सेंमी, वजन २० किलो. बी-सेल एएलएल (रक्ताचा कर्करोग), पीएच म्हणजे फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह, त्यातला जोडजनुक बीसीआर-एबीएल, प्रकार पी१९०. केमोसोबत इमॅटिनिब (या जनुकाचं प्रथिन रोखणारी गोळी) रोज ३०० मिग्रॅ. इंडक्शननंतर (केमोचा पहिला टप्पा) फ्लोचा (पेशी मोजणारी तपासणी) एमआरडी, म्हणजे उरलेला आजार, निगेटिव्ह, पीसीआर (जनुक शोधणारी तपासणी) मात्र ०.८ टक्के. नातेवाईक म्हणतात, पीसीआर पॉझिटिव्ह आहे, तेव्हा म्युटेशन टेस्ट (औषध निकामी करणारा जनुकातला बदल शोधणारी) करा आणि डॅसाटिनिब (याच गटातलं दुसरं औषध) सुरू करा. गोळी गिळवत नाही, चुरून दिली की ओकतो. नमुना इथून मुंबईला जातो.

पेशीपुराण:
डोस बरोबर आहे. या उंची-वजनाला शरीराचा पृष्ठभाग ०.८२ चौमी येतो, गुणिले ३४० (दर चौमीला मिग्रॅ) म्हणजे साधारण २७८. गोळी १०० ची, म्हणून ३००.

चुरा बंद करा. भुकटी हाताला लागते, घरात कोणी गरोदर असेल तर ते मुळीच नको. प्रत्येक १०० च्या गोळीमागे ५० मिली पाणी किंवा सफरचंदाचा रस, म्हणजे तुम्हाला १५० मिली. गोळी विरघळेपर्यंत ढवळा, लगेच पाजा, तळाशी राहिलेलंही थोडं पाणी घालून द्या. पोटभर जेवणाबरोबरच. उपाशीपोटी दिलं की ओकारी ठरलेली. ओकला तर स्वतःच्या मनाने पुन्हा डोस देऊ नका, वॉर्डला फोन करा.

आता रिपोर्ट. फ्लो फक्त ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्ट पेशी मोजतो, पीसीआर कोणत्याही पेशीतला बीसीआर-एबीएल पकडतो. काही मुलांत हा जनुक इतर रक्तपेशींतही असतो. तेव्हा दोन आकडे जुळत नाहीत आणि पीसीआर बराच काळ पॉझिटिव्ह राहतो. अशा वेळी इम्युनोग्लोब्युलिन जनुकांवरचा (ल्युकेमियाच्या पेशींची स्वतःची खूण शोधणारा) एमआरडी निर्णायक ठरतो. तो करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पी१९० ला आंतरराष्ट्रीय स्केल (सगळ्या लॅबचे आकडे एका मापावर आणणारं) लागू नाही, तेव्हा दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. लॅब एकच ठेवा.

गोदाकाठ:
मग म्युटेशन टेस्ट नकोच?

रेणूबंध:
आत्ता फारसं हाती लागणार नाही. सँगर पद्धतीला (जनुकाची अक्षरं वाचणारी नेहमीची पद्धत) म्युटेशन दिसायला बीसीआर-एबीएलच्या प्रतींपैकी साधारण १५-२० टक्के बदललेल्या लागतात, आणि इथे मुळात प्रतीच कमी आहेत. आकडा वाढत गेला किंवा आजार उलटला, की ती करायची. टी३१५आय नावाचा बदल निघाला तर डॅसाटिनिबही निरुपयोगी: बीसीआर-एबीएलच्या प्रथिनात ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येतं, हायड्रोजन बंध जातो आणि औषध बसायची खाच अडते. पोनॅटिनिब या तिसऱ्या औषधाची रचना तिहेरी कार्बन बंध घालून हा अडथळा टाळण्यासाठीच केलेली आहे.

डॅसाटिनिब मेंदूपर्यंत जास्त पोहोचतं, चीनमधल्या १८९ मुलांच्या चाचणीत (२०२०) ते सरसही ठरलं. तेव्हा सुरुवातीपासून ते निवडायला आधार आहे. नातेवाइकांनी दिलेलं पीसीआरचं कारण मात्र चुकीचं. बदललंच तर पॅन्टोप्राझोल (आम्लपित्ताची गोळी) चालू असल्यास डॉक्टरांना विचारून बंद करावं लागेल, त्याने डॅसाटिनिब कमी शोषलं जातं. इमॅटिनिबवर फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं), फेनिटोइन (फिटवरचं) यांचा परिणाम होतो, सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. ग्रेपफ्रूट, पपनस बंद. नाशिकच्या द्राक्षांशी या औषधाचं वाकडं नाही, पण पांढऱ्या पेशी कमी असताना डॉक्टरांना विचारूनच द्या.

पेशीपुराण:
नमुन्याचं एक राहिलं. पीसीआरला जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी. हिरव्या हेपरिनच्या नळीतून पीसीआर अडखळतो. एमआरडीला मॅरोचा (अस्थिमज्जेचा) सुईने काढलेला पहिलाच ओढा पाठवायला सांगा, नंतरच्यात रक्त मिसळून आकडा खोटाच कमी दिसतो. आरएनए पटकन तुटतं, नळी २४ तासांत लॅबमध्ये हवी, गोठवायची नाही. शुक्रवारी दुपारी मॅरो काढून कुरिअरला दिलं तर ती सोमवारपर्यंत पडून राहते. सोमवार ते बुधवारचीच वेळ मागा.