सर्किट ट्रेनिंगमध्ये खर्च होणाऱ्या कॅलरी : घड्याळाचा आकडा कितपत धरावा?

मृण्मयी_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३८ आणि वजन ५८ किलो आहे. आठवड्यातून तीन दिवस मी जिममध्ये ४५ मिनिटांचे सर्किट ट्रेनिंग करते. सुरुवातीला वॉर्मअप, नंतर साधारण अर्धा तास केटलबेल स्विंग, स्क्वॉट, पुश-अप, डम्बेल डोक्यावर उचलणे आणि स्टेप-अप अशी स्टेशने, प्रत्येक ठिकाणी ४० सेकंद काम व २० सेकंद विश्रांती, आणि शेवटी स्ट्रेचिंग असे त्याचे स्वरूप असते. मनगटावरचे घड्याळ सत्राअखेरीस सरासरी १४६ ठोके आणि ४३० कॅलरी दाखवते. तक्त्यांवरून हिशेब केला तर एका ठिकाणी २०० च्या आत उत्तर येते आणि दुसऱ्या ठिकाणी ३६५. आहाराची नोंद ठेवणारे ॲप घड्याळाचा आकडा दिवसाच्या कोट्यात आपोआप जमा करते आणि मी त्याप्रमाणे खाते. वजन मात्र बरेच महिने जागचे हललेले नाही. यांपैकी कोणता आकडा धरावा?

प्राणवायू

मृण्मयीताई, तक्त्यांतील दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणाहून आली असावीत. शारीरिक हालचालींची जी सूची जगभर वापरली जाते, तिच्या २०११ च्या आवृत्तीत मध्यम जोराच्या सर्किट ट्रेनिंगला ४.३ मेट आणि केटलबेलसह, कमीत कमी विश्रांती घेऊन केलेल्या जोरकस सर्किटला ८ मेट दिलेले आहेत. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च. तो दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू असा मानलेला आहे. मेट गुणिले ३.५ गुणिले वजन, भागिले २०० असे केले की मिनिटाच्या कॅलरी मिळतात. तुमच्या वजनाला ४५ मिनिटांसाठी ४.३ मेटने सुमारे १९६ आणि ८ मेटने सुमारे ३६५ येतात.

घड्याळ उत्पादक आपली सूत्रे जाहीर करत नाहीत, परंतु ठोक्यांवरून ऊर्जा काढण्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेले एक परिचित सूत्र आहे. त्यात स्त्रियांसाठीचे गुणक वापरून १४६ ठोके, ५८ किलो आणि वय ३८ घातले तर मिनिटाला सुमारे ९.६५, म्हणजे ४५ मिनिटांना ४३४ कॅलरी येतात, आणि हे तुमच्या घड्याळाच्या उत्तराच्या इतके जवळ आहे की त्याची रीतही त्याच जातीची असावी, असे मला वाटते. (या सूत्रात स्त्रियांचे वजन वाढले की उत्तर किंचित कमी होते. सरासरीतून काढलेली सूत्रे व्यक्तीला लावताना असे चमत्कार सोबत येतात.) हे सूत्र ट्रेडमिल आणि सायकलवर स्थिर गतीने व्यायाम करणाऱ्या, नियमित सरावाच्या लोकांवर बेतलेले आहे. तशा व्यायामात ठोके आणि प्राणवायूचा वापर हातात हात घालून वाढतात. सर्किटमध्ये ते घडत नाही. डम्बेल डोक्यावर नेताना, मूठ घट्ट आवळताना किंवा पुश-अपमध्ये श्वास रोखला जाताना रक्तदाब आणि ठोके चढतात, पण काम करणारे स्नायू लहान असल्यामुळे प्राणवायू त्या प्रमाणात खर्च होत नाही. शिवाय पुढच्या २० सेकंदांच्या विश्रांतीत ठोके पुरेसे उतरतही नाहीत. घड्याळाला केवळ ठोके कळतात, ते कशामुळे वाढले हे कळत नाही.

४३० हा आकडा पडताळण्याचा एक सोपा मार्ग आहे. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे ५ कॅलरी खर्च होतात. ४५ मिनिटांत ४३० कॅलरी म्हणजे मिनिटाला सुमारे १.९ लिटर, आणि तुमच्या वजनाला भागल्यास दर किलोमागे ३३ मिलिलिटर. तिशीतल्या, खेळाडू नसलेल्या स्त्रीची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताच बहुधा ३० च्या आसपास असते. वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग धरून सलग पाऊण तास कोणी आपल्या कमाल क्षमतेच्याही वर राहू शकत नाही. तुमची क्षमता सरासरीपेक्षा बरीच चांगली असली तरी हा आकडा फुगलेलाच आहे.

माझा हिशेब असा. मधली ३० मिनिटे ६ ते ८ मेटने आणि उरलेली १५ मिनिटे अडीच मेटने धरली तर एकूण २२० ते २८० येतात. त्यातून त्याच ४५ मिनिटांत नुसते बसून राहिला असतात तरी झालेला खर्च, म्हणजे सुमारे ४५, वजा केला पाहिजे, कारण तो दिवसाच्या कोट्यात आधीच आलेला असतो. व्यायामामुळे पडलेली भर १७५ ते २३५ एवढीच राहते. मी २०० धरीन.

पहाटफेरी

वरील विवेचन पटते, पण व्यायामानंतर कित्येक तास शरीर जास्त ऊर्जा जाळत राहते, ते यात धरलेले दिसत नाही. आमचे ट्रेनर तर सर्किटचा खरा फायदा तोच असल्याचे सांगतात. तसेच मनगटाऐवजी छातीला बांधायचा पट्टा वापरला तर घड्याळातील चूक निघून जाणार नाही का?

प्राणवायू

पट्टा ठोके अधिक अचूक मोजतो, विशेषतः केटलबेल पकडताना मनगट वाकते तेव्हा; पण अडचण ठोके मोजण्यात नसून ठोक्यांवरून कॅलरी काढण्यात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे तपासली, त्यांतील सहा उपकरणांची ठोक्यांमधील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. व्यायामानंतरचा वाढीव खर्च खरा आहे, मात्र तो व्यायामातील खर्चाच्या सुमारे ६ ते १५ टक्के असतो. मृण्मयीताईंच्या २०० कॅलरींवर ते १२ ते ३० होतात. त्यात अर्धी पोळीही बसत नाही.

दंडबैठक

सूर्यनमस्कारांवर २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे जुळतो. सहाच व्यक्तींवरचा असल्याने त्यावर फार भार टाकता येणार नाही. त्यात कमाल ठोक्यांच्या सुमारे ८० टक्के तीव्रतेवर प्राणवायूचा वापर किलोमागे २६ मिलिलिटर, आणि ६० किलोच्या व्यक्तीसाठी अर्ध्या तासाला सुमारे २३० कॅलरी असा हिशेब आला होता. तेथे दर मिनिटाला विश्रांती नव्हती. तेव्हा स्टेशनांवर थांबत थांबत केलेल्या सर्किटला ३३ मिलिलिटर मिळणे मलाही अशक्य वाटते.

मृण्मयी_नाशिक

सर्वांचे आभार. ॲपमध्ये मी स्वतःला ‘मध्यम सक्रिय’ असे नोंदवले आहे, कारण तीन दिवस जिमला जाते. एरवी काम बैठे आहे. याचा काही परिणाम होतो का?

प्राणवायू

मोठाच परिणाम होतो. ‘मध्यम सक्रिय’ निवडले की ॲप विश्रांतीच्या खर्चाला बहुधा १.५५ ने गुणते, आणि त्या गुणकात व्यायाम आधीच धरलेला असतो. विश्रांतीचा खर्च दिवसाला १२०० मानला आणि ‘हलके सक्रिय’च्या १.३७५ शी तुलना केली, तर रोज २१० म्हणजे आठवड्याला १४७० कॅलरी तुम्हाला जास्त मिळतात. त्यावर घड्याळाचे तीन वेळचे १२९० पुन्हा जमा होतात. प्रत्यक्षात सर्किटची भर आठवड्याला ६०० च्या आसपास आहे.

‘बैठे काम’ निवडा, घड्याळाची जोडणी बंद करा आणि जिमच्या दिवशी २०० स्वतः लिहा. रोज सकाळी वजन करून सात दिवसांची सरासरी काढा, आणि ती मागच्या महिन्यातील पाळीच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा, कारण अंगातील पाण्यामुळे एखादा किलो सहज इकडे तिकडे होतो. एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी धरतात. दोन महिन्यांत ॲपने सांगितलेली तूट आणि प्रत्यक्ष उतरलेले वजन यांत अंतर राहिले, तर २०० चा आकडा त्या बेताने खाली-वर करा.