बाग फुकट म्हणून वॉकीटॉकीचे सगळे गुन्हे माफ?

बोरीबंदर : परवाच्या लंडनच्या धाग्यात एकांनी लिहिलंय की २० फेनचर्च स्ट्रीट, म्हणजे वॉकीटॉकी, ही शहरातली सर्वांत देखणी इमारत, वर बाग, तीही फुकट, नावं ठेवणारे उगाच नाकं मुरडतात. हे वाचून राहवेना. माझं ऑफिस त्याच भागात आहे, रोज बघतो. १६० मीटरचा टॉवर वर जाईल तसा फुगत जातो. का? वरच्या मजल्यांना भाडं जास्त, म्हणून जागाही वरच जास्त. त्याचा आकार भाड्याच्या हिशेबातून आलाय. बाकीचे टॉवर उत्तरेला घोळक्यानं उभे आहेत, हा एकटाच नदीकडे पुढे येऊन बसलाय. सर्वांत वाईट नव्या इमारतीला देतात तो कार्बंकल कप २०१५ मध्ये उगाच नाही मिळाला.

सई_हॅरो : सपशेल असहमत. सासू-सासरे नागपूरहून आले होते. शार्ड या दुसऱ्या उंच टॉवरवर जायची चार तिकिटं आम्हाला जड होती, म्हणून इथे गेलो. सासरे काचेला कपाळ टेकवून टॉवर ब्रिजखालून जाणाऱ्या बोटी बघत उभे राहिले, हलायला तयार नाहीत. सासूबाई नेच्यांच्या झाडांत बसून होत्या. तुमच्या कपापेक्षा मला ती दुपार मोठी.

काचकाम : मी फसाडच्या, म्हणजे इमारतींच्या दर्शनी भागाच्या, धंद्यात आहे. दक्षिणेची बाजू अंतर्वक्र, त्यात सगळी काच. २०१३ च्या उन्हाळ्याअखेरीस ऊन एकवटून ईस्टचीप या खालच्या रस्त्यावर पडलं, उभ्या जॅग्वार गाडीचा आरसा आणि पॅनेल वितळले, पत्रकारांनी तिथेच अंडं तळून दाखवलं. या इमारतीचे वास्तुविशारद राफाएल विन्योली यांच्याच लास वेगासच्या व्हिडारा हॉटेलात २०१० मध्ये पोहण्याच्या तलावाकाठी लोकांना असेच एकवटलेल्या उन्हाचे चटके बसले होते. एकदा ठेच लागल्यावर दुसऱ्यांदा कशी लागते? २०१४ मध्ये ऊन अडवायला बाहेरून आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

सई_हॅरो : बसवल्या ना? मग तोच कढ किती वर्षं काढणार?

बोरीबंदर : ऊन सोडा. मुळात परवानगी मिळताना या बागेचं वजन मोठं होतं. टॉवरांच्या घोळक्याबाहेर एवढी उंची, बदल्यात लोकांना उद्यान, असा सौदा. मिळालं काय? आधी ऑनलाइन वेळ घ्या, विमानतळासारखी बॅग तपासून घ्या, मग लिफ्ट. बागेत रेस्टॉरंटं. याला सार्वजनिक उद्यान म्हणायचं?

तिसरा_मजला : अगदी हेच! माझी आई इथे आली होती तेव्हा एका ऑफिस टॉवरच्या चौकात (नाव घेत नाही) बाकावर बसून पोळी-भाजी खात होती. गार्ड आला, म्हणाला, 'इथे बाहेरचं खाता येणार नाही.' आईनं डबा झाकला आणि कॉलेजच्या पोरीसारखी 'सॉरी' म्हणाली. माझ्या जिवाची आग झाली. चौकाला नाव 'स्क्वेअर', मालकी खासगी. लंडनभर हेच चाललंय.

सई_हॅरो : वाईट वाटलं, पण हा दोष फेनचर्च स्ट्रीटचा कसा?

तिसरा_मजला : एकाच दोषाची ही रूपं आहेत, ताई. जागा त्यांची, नियम त्यांचे, आपण पाहुणे.

काचकाम : मग त्याच रस्त्यावरची १२० फेनचर्च स्ट्रीट ही दुसरी इमारत बघा. पंधराव्या मजल्यावर गच्चीची बाग, २०१९ पासून, बुकिंग नाही. म्हणजे ठरवलं तर जमतं.

बोरीबंदर : तिथेही तपासणी आहेच.

काचकाम : आहे, पण आधीपासून बेत करावा लागत नाही. तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढणार असाल तर बोलणंच खुंटलं.

सई_हॅरो : ह्यांना लोकांचा आनंदच खुपतो. स्वतः कधी वर गेलात का हो?

बोरीबंदर : गेलोय, क्लायंटसोबत. नजारा उत्तम आहे, हे नाकारत नाही. वरून बघताना ही एकच इमारत दिसत नाही, तो तिचा मोठाच गुण. पण खाली फेनचर्च स्ट्रीटवर वाऱ्याच्या दिवशी उभं राहून बघा. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरतो आणि चालणाऱ्याला ढकलतो. सिटी ऑफ लंडननं, म्हणजे या भागाच्या पालिकेनं, २०१९ मध्ये नव्या इमारतींसाठी वाऱ्याचे कडक निकष काढले, ते काय हौस म्हणून?

सई_हॅरो : वाऱ्याचं मान्य. सासूबाईंची छत्री तिथेच उलटी झाली. तरी पुढच्या वेळी आई-बाबा आले की त्यांना वर नेणारच.

तिसरा_मजला : न्या. पण डबा खाली कुठे खायचा ते आधी ठरवून ठेवा.