मदत हवी आहे: कॉलेजचे सहा इंटर्न घ्यावेत का? प्रकल्प छोटा, सांभाळणारे दोघंच

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, पण मागचं-पुढचं कळल्याशिवाय तुम्हालाही सल्ला देता येणार नाही म्हणून सगळं लिहितोय.

मी आणि माझा नागपूरचा एक मित्र, आम्ही दोघं मराठी शुद्धलेखन तपासायचा एक छोटा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रकल्प सांभाळतो. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची शब्दयादी आणि तिच्या जोडीची नियमांची फाइल, म्हणजे लिब्रेऑफिसमध्ये नाहीतर फायरफॉक्समध्ये चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते ना, तिच्यामागचं काम. दोघांच्याही पूर्णवेळ नोकऱ्या, त्यामुळे शनिवार सकाळ आणि रविवारची रात्र धरून दोघांचे मिळून आठवड्याला सहा-सात तास निघतात, त्यातच इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या चुका आणि कामं) बघणं, लोकांच्या मेल्सना उत्तरं आणि नवीन शब्द घालणं.

गेल्या आठवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या सरांचा फोन आला. सहाव्या सेमला इंटर्नशिप कंपल्सरी आहे, तिला क्रेडिट आहेत, सगळ्यांना कंपन्या मिळत नाहीत, तर आमची सहा मुलं तुम्ही घ्या, स्टायपेंड नको, शेवटी सर्टिफिकेट आणि डायरीवर सही तेवढी द्या. सर खरंच तळमळीने बोलत होते, मुलांना खोटी सर्टिफिकेटं विकत घेताना बघवत नाही म्हणाले, आणि ते ऐकल्यावर मला तिथल्या तिथे नाही म्हणवेना. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

आता अडचण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही असेच दोन विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी घेतले होते. त्यातला एक मुलगा हुशार, कष्टाळू, रात्री दोनलाही कोड लिहून जमा करणारा. त्याला शब्दयादी साफ करायचं काम दिलं. यादीत हिंदीतून आलेले नुक्तावाले (अक्षराखाली टिंब असलेले) शब्द घुसले होते, ज़ आणि फ़ असलेले, ते मराठीत नुक्त्याशिवाय हवे होते. त्याने स्क्रिप्ट लिहिली: आधी युनिकोडमधली, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचातली, नुक्ता जोडलेली अक्षरं सुटी करायची, मग सगळे नुक्ते काढायचे. दिसायला एकदम स्वच्छ कोड. मी रविवारी रात्री वरवर पाहिला, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास होत्या, मर्ज केला, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला.

आपला मराठीतला ऱ हा युनिकोडच्या दृष्टीने र अधिक नुक्ता असतो. सुटा केला की नुक्ता वेगळा होतो, आणि नुक्ता काढला की उरतो साधा र. म्हणजे यादीतला प्रत्येक 'दऱ्या' झाला 'दर्या'. तऱ्हा, गिऱ्हाईक, पायऱ्या, कैऱ्या, सगळे गेले. शिवाय आपल्याकडे रा-री वर संपणाऱ्या कितीतरी नामांचं सामान्यरूप ऱ्यानेच होतं, वारा-वाऱ्यावर, नवरा-नवऱ्याला, तेही गेलं. सांगलीच्या एक मुद्रितशोधक बाई आमची यादी रोज वापरतात, त्यांची मेल आली की 'आचाऱ्यांना बोलवा' लिहिलं की लाल रेघ येते आणि सुचवणीत 'आचार्यांना' येतं, स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी येतायत. तोवर ती आवृत्ती बाहेर पडून पाच आठवडे झाले होते. दुरुस्तीला आमचे तीन वीकेंड गेले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. ऱ ची ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. मला जास्त लागलं ते पुढचं. तोवर त्याची इंटर्नशिप संपली होती, परीक्षा सुरू होती, मी घाईत त्याचं काम रिव्हर्ट केलं, म्हणजे काढून टाकलं, आणि चार ओळींची मेल टाकली. त्याने उत्तर दिलं नाही आणि प्रकल्पात परत कधी दिसला नाही. सहा आठवडे जीव ओतून काम केलेल्या मुलाला शेवटी काय मिळालं, तर सर्टिफिकेट आणि एक रिव्हर्ट.

म्हणून आता सहा मुलं म्हटल्यावर पोटात गोळा येतो. एकेकाला आठवड्याला दोन तास दिले तरी बारा तास होतात, आमच्याकडे आहेत सात, मग प्रकल्पाचं काम कधी करायचं? दुसरी बोच पैशाची. मुलांचं काम फुकट वापरायचं हे मनाला पटत नाही, जरी क्रेडिट मिळत असले तरी. आणि तिसरं म्हणजे हल्ली एआयकडून लिहून घेतलेले पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती) येतात, वर वर नेटके, आत काय केलंय ते पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांना पीआर पाठवले की टीशर्ट मिळायचा, तो कार्यक्रम) टीशर्टसाठी रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखाददुसरा शब्द घालणारे पीआर ढिगाने आले होते, शेवटी आयोजकांना ज्या प्रकल्पांना हवंय तेवढ्यांपुरताच तो कार्यक्रम ठेवावा लागला. सर्टिफिकेट हेच ध्येय असलं की तसंच होईल अशी भीती वाटते.

पण नाही म्हणायलाही मन धजत नाही. मराठीच्या या कामात नवीन माणूस येतच नाही. आम्ही दोघं थकलो की हे कोण बघणार? मित्र म्हणतो, त्यापेक्षा गूगल समर ऑफ कोडला (नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारा गूगलचा कार्यक्रम) संस्था म्हणून अर्ज करू, तिथे मुलांना पैसे गूगल देतं, २०२२ पासून विद्यार्थी असायचीही अट नाही, आणि स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंगसारखा भाषेचं काम करणारा गटही त्यात होता. मला वाटतं १७५ तासांचा एक प्रोजेक्ट नीट सांभाळायचा तर त्यालाही वेळ तेवढाच लागेल.

ज्यांनी इंटर्न घेतलेत त्यांनी कृपया सांगा: तुमचा वेळ खरंच किती गेला, आणि किती मुलं नंतर टिकली? नाही म्हणालात तर त्याची रुखरुख राहिली का?

प्रतिसाद १
मी एका मोठ्या प्रकल्पात आउटरीची या ओपन सोर्समधल्या इंटर्नशिप कार्यक्रमासाठी दोनदा मेंटॉर होते. माझे आठवड्याला पाच तास जायचे, तेही एकाच मुलीसाठी, आणि पहिल्या तीन आठवड्यांत त्याहून जास्त. दोन तासांचा हिशेब मनातून काढून टाका. दोघांच्या प्रकल्पात सहा नकोच, एक पुरे. तिकडची एक गोष्ट मात्र जरूर उचला. आधी काम, मग निवड. अर्जदाराने महिनाभरात एखादं छोटं काम करून दाखवायचं, त्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही. आयआयटी मुंबईचा फॉसी हा ओपन सोर्सचा प्रकल्पसुद्धा फेलोशिपसाठी आधी स्क्रीनिंग टास्क, म्हणजे चाळणीचं काम, देतो. यात ज्याला नुसतं सर्टिफिकेट हवंय तो आपोआप गळतो, आणि कोडमध्ये काय केलंस हे दहा मिनिटं बोलून विचारलं की एआयचंही कळतं. पैशासाठी फॉस युनायटेड या भारतातल्या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या ग्रँटचं बघा.

प्रतिसाद २
दादा, मी बीईला आहे, मागच्या वर्षी असाच एका प्रकल्पात होतो म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो. आमचा मेंटॉर महिनाभर गायब होता, आम्ही स्लॅकवर विचारत राहिलो, उत्तर नाही. शेवटी डायरीत काहीतरी लिहून सही घेतली. मेंटॉरला वेळ नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरीकडे गेलो असतो, राग पण आला नसता. त्यामुळे नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, अर्धवट हो नको. आणि तुमच्या त्या मुलाला एकदा फोन करा प्लीज.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काल त्या मुलाला फोन केला. आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला वाटत होतं की त्याचा सगळाच कोड टाकाऊ होता. प्रत्यक्षात त्याच्या स्क्रिप्टमधल्या दोन ओळी सोडल्या तर बाकी सगळी पुढच्याच आवृत्तीत आम्ही परत घेतली होती, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. अर्धा तास बोललो.

सरांना असं कळवलंय: सहा नाही, एक, फार तर दोन. सहाही जणांनी डिसेंबरमध्ये एकेक छोटा इश्यू करावा, त्यावर आम्ही समोर बसून बोलू, मग ठरेल. रिव्ह्यूला शनिवार सकाळचे तीन तास राखून ठेवलेत, त्यात दुसरं काही नाही. समर ऑफ कोड यंदा नको. ग्रँटचा अर्ज मित्र लिहितोय, मिळाली तर सगळी विद्यार्थ्यांना.

पहिला इश्यू उघडलाय, ऱ च्या टेस्ट. जोडीजोडीने शब्द हवेत, दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना असे, जिथे ऱ गेला की अर्थच बदलतो. माझ्याकडे चौदा जोड्या झाल्यात. तुमच्या भागातल्या, बोलीतल्या आठवतील त्या इथेच टाका.