मदत हवी आहे: ईप्र येथील विषारी वायू आणि भारतीय सैनिक

पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी सुमारे १५० टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. योजना फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाची. हवेपेक्षा जड असल्याने तो वायू थेट खंदकांत उतरला. चारच दिवसांनी ब्रिटिश भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन तिथे लढली, तीही धड मुखवट्यांविना! जमादार मीर दस्त यांना त्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्यांनाही वायूची बाधा झाली होती.

या डिव्हिजनमध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या कंपन्याही होत्या. त्यांतल्या मराठी जवानांची पत्रं, आठवणी कुणाच्या घरी किंवा संग्रहात आहेत का? गावातला एखादा स्मृतिफलक माहीत असला तरी कृपया कळवा. ही माणसं आपल्या इतिहासात यायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.