इंदूरला चौघी, दोन रात्री, आणि रात्री नऊला मिटणारं पोट

घरकोंबडी

आधीच सांगते, मला घर आवडतं. शनिवारी दुपारी गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन शब्दकोडं, चारला चहा, रात्री मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड. नवरा फिरतीच्या नोकरीत, लेक पुण्याला शिकायला, त्यामुळे घर सगळं माझं. यात कोणी "एकटं वाटत नाही का गं?" विचारलं की मला हसूच येतं.

पण कॉलेजच्या मैत्रिणी सोडत नाहीत, आणि सोडूही नयेत. आम्ही चौघी. मी ठाण्याची, एक दादरची, एक नाशिकची, एक बडोद्याची. वर्षाकाठी एखादं शहर धरतो. शुक्रवारी निघायचं, सोमवारी आपापल्या कामावर. नवरे-मुलं वर्ज्य. देवळं-किल्ले जमले तर जमले, मुख्य कार्यक्रम गप्पा. यंदा जानेवारीत इंदूर ठरलंय.

अडचण खाण्याची आहे. बडोदेकरणीने ग्रुपवर रील्सचा मारा चालवलाय. त्यात जेवढं दाखवलंय तेवढं खायचं तर आम्हाला महिनाभर तिथे भाड्याने राहावं लागेल. नाशिककरणीला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आणि मला रात्री नऊनंतर काही तळकट पोटात गेलं की पहाटे तीनला उठून बसावं लागतं. तिथला सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, म्हणे नऊनंतरच रंगतो. म्हणजे झालंच.

मला उपाशी फिरायचं नाहीये, हे कृपया लक्षात घ्या. खायची मला हौस आहे, पण दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत लिंबूपाणी पीत पडायचं नाहीये. तर राहायचं कुठे? काय खायचंच आणि काय सोडलं तरी चालेल? मधे एखादं साधं, घरच्यासारखं जेवण मिळेल का? जाणकारांनी सांगावं. "काही होत नाही, खा बिनधास्त" असं लिहिणाऱ्यांनी आपलं वयही लिहावं.

तळमजला

नऊनंतर खायचं नाही तर सराफ्याला जाता कशाला? दागिने घ्यायला? मग दुपारी जा, तेव्हा तिथे सोन्याचीच दुकानं उघडी असतात. (वय ५८. काही होत नाही, खा बिनधास्त.)

मालवी_मिरची

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. आता पुण्यात असते, पण दर हिवाळ्यात जाते. तळमजला यांच्याकडे दुर्लक्ष करा, तरी त्यांची अर्धी गोष्ट बरोबर आहे. सराफा दिवसा खरोखर सराफांचा बाजार असतो. रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांवर नि समोरच्या रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. खरी झुंबड दहानंतर, आणि मध्यरात्र उलटली तरी कढया चालूच.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे सराफ्याला जेवण समजू नका. लोक तिथे जेवायला म्हणून उपाशी जातात, पहिल्या दोन गाड्यांवर पोट भरतात आणि मग पुढचं सगळं नुसतं बघत फिरतात. आमच्याकडे मंडळी घरी जेवून, थोडं लवंडून, मग "चला, एक चक्कर मारू" म्हणून निघतात. तुम्ही सातला खोलीवर थोडा दहीभात खा आणि नऊच्या ठोक्याला सराफ्यात पोचा. गर्दी कमी असते, तेल ताजं असतं, साडेदहाला तुम्ही परत. एक प्लेट, चार चमचे, हा नियम बडोद्याच्या मैत्रिणीकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.

आता काय खायचं. जानेवारीत जाताय म्हणजे गराडू. हे सोडलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. कोनफळाच्या जातीचा कंद आहे, थंडीतच मिळतो. मोठाल्या फोडी एकदा तळून ठेवलेल्या असतात. तुम्ही मागितलं की गाडीवाला त्या बारीक चिरून पुन्हा कढईत सोडतो. फोडीच्या कडा फुटून करकरीत होतात, आतला गर मऊ राहतो. मग वरून जिरावन (आमच्याकडचा चटपटीत कोरडा मसाला) आणि लिंबू. कढईतून काढल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत खायचा, फोटोच्या नादात निवला की त्यात राम नाही.

भुट्ट्याचा कीस पोटाला सोसणारा. कोवळं कणीस किसून, तुपा-हिंगाच्या फोडणीत दूध घालून शिजवतात, वर खोबरं-कोथिंबीर. आपल्या उपम्याच्या जवळचा, पण जास्त ओलसर. ॲसिडिटीवाल्यांनी मिरची बाजूला काढून खुशाल खावा. जोशींचा दहीवडा तर खायच्या आधी बघायचा. द्रोण दह्यासकट हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात. साबुदाण्याची खिचडीही खा. तिथे ती आपल्यासारखी तुपावर परतलेली नसते. वाफेवर ठेवलेला साबुदाणा द्रोणात घेऊन, फराळी चिवडा, मसाला, लिंबू घालून समोर कालवून देतात. दादरकरीण नाक मुरडेल. मुरडू द्या.

जलेबा म्हणजे ताटाएवढी जिलबी, पाव किलोच्या आसपास. चौघीत एकही संपणार नाही. आगीचं पान, वर्ख लावलेली कुल्फी, मोमो, नूडल्स हे सगळं मोबाइलच्या पोटासाठी आहे, तुमच्या नाही.

सकाळी पोहे. इंदुरी पोह्यांत बडीशेप असते, किंचित साखर असते, तेल कमी. खदखदत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेले असतात म्हणून शेवटपर्यंत मऊ राहतात. वर शेव, कांदा, जिरावन, हवे तर डाळिंबाचे दाणे, आणि शेजारी जिलबी. गाडीतून उतरल्यावर तेच खा. उसळ-पोहे मात्र तुम्ही लांबूनच बघा. त्यावरची तर्री तुमच्या पहाटे तीनच्या गटातली आहे.

दालबाफला दुपारी खायचा, आणि ज्या दिवशी खाल त्या दिवशी सराफा रद्द. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. वर डाळ, कढी, चुरम्याचा लाडू. त्यानंतर माळव्यात कोणी काम करत नाही, झोपतात. तुम्हीही झोपा.

राहायला राजवाड्याच्या जवळपास बघा. तिथून सराफा पायी काही मिनिटांवर आहे. खाऊन चालत परत येणं आणि खाऊन रिक्षाशी हुज्जत घालणं यात पोटाला पुष्कळ फरक पडतो.

गोडबंद

नाशिकच्या मैत्रिणीसाठी लिहितो, कारण मी त्याच बाकावर बसतो. गोडापेक्षा वेळ घात करते. आपली गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची आणि मग "सराफ्यात खाऊ" म्हणून जेवण दोन तास लांबवायचं, यात साखर खाली जाऊन हातपाय थरथरायला लागतात. रात्रीच्या गर्दीत हे फार वाईट. कोणत्या गोळ्या आहेत त्यावर ते अवलंबून असतं, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावं की एवढ्या वाजता खाणार आहे, गोळी कधी घेऊ. आमचे डॉक्टर न रागावता सांगतात, त्यांना स्वतःला मालपुवा आवडतो.

मालवी_मिरची यांचा सातचा दहीभात म्हणूनच पटला. साबुदाणा, गराडू, भुट्टा सगळाच पिष्टाचा कारभार आहे, तिखट आहे म्हणून साखरेला माफक असेल असं समजू नये. मी दहीवडा अर्धा खातो, गराडूच्या चार फोडी, आणि जिलबीचा एक वेढा. एक वेढा म्हणजे एकच. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या असू द्याव्यात, आणि कोणत्या कप्प्यात आहेत ते इतर तिघींना माहीत असावं.

घरकोंबडी

किती छान लिहिलंत! "जिलबीचा एक वेढा" नाशिकला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आतला की बाहेरचा?"

आता दहीभात. तो कुठून आणायचा? दादरकरणीने एक फ्लॅट शोधलाय, दोन खोल्या, स्वयंपाकघरात गॅस-भांडी, पण विजयनगरकडे. मला तो फार आवडलाय. सकाळी आपला चहा आपल्या हाताने, गाऊनमध्ये गप्पा, कोणी "मॅडम, रूम क्लीन करायची आहे" म्हणून दार वाजवणार नाही. बडोदेकरीण म्हणते, स्वयंपाकच करायचा तर घरी काय वाईट होतं.

बाल्कनीतला_चहा

फ्लॅट घ्या. आम्ही मित्र-मित्र जातो तेव्हा तेच करतो. चार जण दोन हॉटेल खोल्यांत विभागले की गप्पा कॉरिडॉरमध्ये होतात आणि शेजारी तक्रार करतात. बरोबर तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि छोटा कुकर न्या. दही तिथे घ्या. दिवसातलं एक जेवण घरचं झालं की उरलेली दोन वेळ जीव मोकळा सोडता येतो. आमच्यात एक सीए आहे, तो भात लावतो. त्याला दुसरं काही येत नाही, पण भात उत्तम.

मालवी_मिरची

फ्लॅटची कल्पना चांगली, जागा नको. विजयनगर नवीन भाग आहे, मॉल आणि ऑफिसांचा. सराफ्याहून रात्री परत जायला गाडीच लागणार. छप्पन दुकान ही खाऊगल्ली तिथून त्यातल्या त्यात जवळ, एवढीच सोय. रामबाग, नाहीतर राजवाड्याच्या अलीकडे-पलीकडे स्वयंपाकघर असलेलं काही मिळतंय का बघा. नाहीच मिळालं तर हॉटेल घ्या. भात कुठेही मिळतो, दही कुठेही मिळतं, कालवायला हात तुमचेच आहेत. मेतकूट मात्र न्याच.

छप्पन दुकानाचं राहिलं. ते न्यू पलासियात आहे, नावाप्रमाणे छप्पन दुकानांची ओळ. आता तिथे वाहनांना मज्जाव आहे, बसायला बाक आहेत. मुख्य म्हणजे ते संध्याकाळीही चालू असतं. रात्री खाऊ न शकणाऱ्या माणसाने सराफ्याचं दुःख तिथे साडेपाच-सहाला विसरावं. खोबऱ्याचं सारण भरलेलं पॅटिस खा. शिकंजी मागवाल तर लिंबूसरबत येणार नाही, घट्ट दुधाचा केशर-सुकामेवा घातलेला पेला येईल. चौघीत एक पुरे, आणि नाशिककरीण फक्त वास घेईल.

पाणी बाटलीचंच प्या. स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर 2017 पासून सलग सात वर्षं आला, त्याचं आम्हाला कौतुक आहेच. पण नंबर रस्त्याला मिळतो, प्रवाशाच्या पोटाला नाही. चटण्यांच्या बाबतीतही तेच, गरम गोष्ट खा, बादलीतली हिरवी चटणी सोडा.

तळमजला

मॅडमनी सगळं खाण्याचंच सांगितलं. राजवाडा आतून बघा. होळकरांचा सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. 1984 साली आगीत बराच जळला होता, नंतर पुन्हा उभा केला. मराठी माणसाने इंदूरला जाऊन नुसते पोहे खाऊन येणं बरं दिसत नाही. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, होळकर घराण्यातल्यांच्या. संध्याकाळच्या उन्हात जा. चालणं होईल, पॅटिस जिरेल.

घरकोंबडी

तळमजला, तुम्ही वाटता तेवढे वाईट नाही आहात.

असं ठरवतोय: शुक्रवारी संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस, मी आणि दादरकरीण बोरिवलीला चढू, बडोदेकरीण रात्री बडोद्याला. नाशिककरीण आदल्या दिवशीच माझ्याकडे येईल, म्हणजे माझ्या घरात एक रात्र आधीच सुरू. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुका बटाटा. शनिवारी सकाळी पोहे, मग आंघोळ-झोप, संध्याकाळी राजवाडा आणि छत्र्या, सातला दहीभात, नऊला सराफा. मी फक्त कीस आणि गराडूच्या दोन फोडी. रविवारी सकाळी उशिरा दालबाफला, संध्याकाळी खोलीवरच गप्पा. सोमवारी सगळ्यांनी रजा टाकलीय, म्हणून छप्पन सोमवारी सकाळी आणि संध्याकाळच्या गाडीने परत. महेश्वर राहून जातंय, साडीसाठी जीव तुटतोय.

मालवी_मिरची

महेश्वर नव्वदेक किलोमीटर आहे. जाऊन-येऊन घाट आणि साड्या म्हटलं की अख्खा दिवस जातो. या खेपेला सोडा. माहेश्वरी इंदुरातही मिळते, राजवाड्याच्या आसपास बघा.

एक बदल करा. दालबाफला रविवारी बाराच्या आत नको आणि दोनच्या नंतर नको, त्या दिवशी सकाळी पोहे टाळून फक्त चहा. आणि शनिवारी सराफ्यात बडोदेकरीण ऐकणार नाही हे गृहीत धरा, तिला तिचा जलेबा घेऊ द्या. उरलेला कागदात बांधून आणला तर रविवारी सकाळी गरम दुधात बुडवून चांगला लागतो. जिरावन आणि शेव परतीच्या दिवशीच घ्या, आधी घेतली तर गप्पांत संपते. जिरावन अर्धा किलो तरी घ्या, काकडीवर, ताकात, उकडलेल्या बटाट्यावर, कशावरही चालतं.

तिकिटं मात्र आजच काढा. संक्रांतीच्या आसपास त्या गाडीला वेटिंग लागतं, आणि चौघींना खालचे बर्थ हवे असणार.